तांबे कोणाचे आणि काजळी कोणाची?

जळालेली मोटार दोन वेळा उघडली जाते. पहिल्यांदा ती रिवाइंडिंगच्या दुकानात उघडतात. तेथे जुनी तार काढून नवी भरतात, आणि हे काम करणाऱ्या माणसाला सारे गाव 'मिस्त्री' म्हणून हाक मारते. मोटार दुरुस्तीपलीकडे गेली की ती पुन्हा उघडली जाते; या वेळी भंगाराच्या दुकानामागे, नाल्याच्या कडेला किंवा झोपडीच्या दारात. तेथेही तारच काढतात. हातोडा तोच, छिन्नी तीच, तांबेही तेच. पण ती तार काढणारी बाई 'कचरेवाली' असते. एकाच यंत्राच्या पोटातून एकच धातू काढणाऱ्या दोन हातांची प्रतिष्ठा इतकी भिन्न का असावी, हा प्रश्न नुसता धंद्याचा नाही. तो आपल्या समाजरचनेचा प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्याआधी हे काम नेमके काय आहे ते समजून घेतले पाहिजे. वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी तर ते समजून घेतलेच पाहिजे. कारण ज्या श्रमाची आपल्याला माहिती नाही, त्या श्रमाच्या शोषणाविषयी आपण केवळ हळहळू शकतो, भांडू शकत नाही.

मोटारीच्या पोटात काय असते?

विजेच्या मोटारीचे मुख्य भाग दोन. एक स्थिर राहतो, तो स्टेटर. दुसरा आत फिरतो, तो रोटर. बाहेर बिडाचे किंवा ॲल्युमिनियमचे कवच, दोन्ही अंगांना झाकणे, मधोमध पोलादी दांडा आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंगे. स्टेटर म्हणजे पातळ पोलादी पत्र्यांची दाबून बसवलेली चळत. तिच्या आतल्या अंगाला खाचा असतात. खाचांत जाड कागद घालून त्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवतात, वरून पाचर ठोकतात आणि सगळे वार्निश पाजून भट्टीत वाळवतात. तारेवर तिचा स्वतःचा इनॅमलचा पातळ थर असतोच. तो जळाला की वेटोळी एकमेकांना भिडतात, वीज आडवाटेने जाते आणि मोटार 'बसते'. कमी दाबाच्या विजेवर शेतातला पंप चालवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक आहे.

नवख्याला वाटते, फिरणाऱ्या भागातही तांबे असणारच. पण पाण्याच्या पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या, कारखान्यातल्या बहुतेक मोटारींचा रोटर पत्र्यांत ओतलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. त्यात तारच नसते. छताच्या पंख्यात उलटा प्रकार: आतला भाग स्थिर असतो, तार त्याच्यावर असते, आणि बाहेरचे कवच फिरते. मिक्सर, हातड्रिल यांच्या मोटारीत मात्र फिरणाऱ्या भागावरही तार असते. त्याला आर्मेचर म्हणतात. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो. भंगाराच्या बाजाराने 'आर्मेचर' हा शब्द भागावरून उचलून मालाला लावला आहे. मोटारीतून निघालेली वाइंडिंगची तार, मग ती कोठूनही निघो, बाजारात 'आर्मेचर' म्हणूनच ओळखली जाते आणि तिचा भाव वेगळा लागतो.

साधारण मोटारीच्या वजनात तांबे दहाव्या हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी निघते. तरी सारी धडपड त्याच्यासाठीच असते, कारण तांब्याचा भाव भंगार लोखंडाच्या वीसपटीहून अधिक असतो. विजेच्या वहनात चांदीखालोखाल तांब्याचाच क्रम लागतो. आणि ते कितीही वेळा वितळवले तरी त्याचा हा गुण जात नाही. खाणीतल्या दगडातून तांबे काढायला जी ऊर्जा लागते तिच्या थोड्याशा हिश्श्यात ते भंगारातून मिळते. तमिळनाडूतील तुतिकोरिनचा मोठा तांबे कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाला. त्याच्या विरोधातील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात १३ माणसे मारली गेली होती. त्यानंतर शुद्ध तांब्यासाठी भारताला आयातीवर अधिक विसंबावे लागले. अशा देशात झोपडीच्या दारात बसून किलो-किलोने तांबे मोकळे करणारे हात राष्ट्राच्या संपत्तीत भर घालत असतात. पण ही भर कोणत्याही हिशेबवहीत त्यांच्या नावावर मांडली जात नाही.

ओळख आणि फसवणूक

सर्वच मोटारींत तांबे नसते. खर्च वाचवण्यासाठी अनेक स्वस्त पंख्यांत आणि लहान मोटारींत ॲल्युमिनियमची तार भरतात. इनॅमलच्या लालसर रंगामुळे ती वरून हुबेहूब तांब्यासारखी दिसते. ओळखण्याची रीत सोपी आहे. तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. काही तारा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात, म्हणून वरवर खरवडून भागत नाही. तार कापून तिचे तोंड पाहावे. वजनही बोलते. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. लोहचुंबकाला तार चिकटली तर आत लोखंड आहे असे समजावे. ही परीक्षा अनुभवी बाई डोळ्यांनी आणि तळहाताने क्षणात करते. आपल्या शाळेत पदार्थांची घनता शिकवणाऱ्या शिक्षकाने हे उदाहरण वर्गात एकदा घेऊन पाहावे. वर्गातल्या काही मुलांना ते पुस्तकाच्या आधी घरीच भेटलेले असेल.

तार काढण्याची रीत

मोटारीला जोडलेला कपॅसिटर आधी सोडवावा लागतो. मोटार कधीची बंद असली तरी त्यात वीज साठलेली असू शकते, आणि त्याच्या टोकांना बोट लागले तर जबर झटका बसतो. कोरड्या लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोके एकदा जोडून ती वीज उतरवतात. कपॅसिटर फोडू नये. जुन्यांत विषारी तेल असण्याची शक्यता असते.

मग झाकणांचे बोल्ट काढून रोटर ओढून घेतात. उरतो स्टेटर. त्याच्या दोन्ही तोंडांना तारेचे फुगे बाहेर आलेले असतात. एका बाजूचा फुगा छिन्नीने पत्र्यांच्या कडेला बरोबर सपाट छाटतात. मग स्टेटर उलटा करून दुसऱ्या बाजूच्या फुग्यात आकडा किंवा पक्कड अडकवून एकेका खाचेतली तार ओढतात. वार्निश जुने असेल तर तार सहज सुटत नाही. मागून लोखंडी पट्टी ठोकून ती सैल करावी लागते. छिन्नी किती तिरपी धरावी, फुगा कोठे छाटला म्हणजे खाचेत तार तुटून अडकणार नाही, कोणत्या मोटारीला किती घाव लागतील, हे सगळे हाताने शिकायचे शास्त्र आहे. शिकवणारी शाळा नाही, प्रमाणपत्र नाही. छिन्नीचा छिलका उडून डोळ्यात जाणे आणि हाताची बोटे चेचली जाणे हीच या शाळेची फी. एक साधा चष्मा आणि जाड हातमोजे यांनी त्यातली बरीच वाचते.

आगीचा हिशेब

ओढण्याचे कष्ट टाळण्यासाठी तार जाळतात. स्टेटर आगीत टाकला की वार्निश, कागद, इनॅमल जळून जाते आणि तार सहज निघते. वेळ वाचतो, हे खरे. पण आगीचा हिशेब पुरा मांडला पाहिजे.

उघड्या आगीत तापलेले तांबे हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते. त्याच्यावर काळी खपली धरते आणि ती खपली म्हणजे गेलेले तांबेच. तार जितकी बारीक तितके हे नुकसान अधिक. तार ठिसूळ होते, तिला राख चिकटते. दुकानदार मग काळ्या मालाचा भाव खाली पाडतो आणि राखेच्या नावाने वजनातून कडताही कापतो. म्हणजे वाचलेला वेळ तराजूवर परत द्यावा लागतो.

दुसरा हिशेब छातीचा. बोअरच्या पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारींच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टन असते. घरगुती वायरवर तर ते असतेच. त्यांतले पीव्हीसी जळले की डोळे-घसा जाळणारा आम्लाचा धूर निघतो, आणि त्यात डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्येही तयार होतात. दुर्दैव असे, की तांबे स्वतःच ती तयार होण्यास मदत करते. ही विषे राखेत, मातीत आणि अन्नावाटे शरीराच्या चरबीत मुक्काम करतात. सांधे डाख लावून जोडलेले असतील तर शिशाची भर पडते. आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूवर आघात करते. आग लागते ती वस्तीच्या कडेला, आणि धुरात खेळतात ती आपलीच मुले. 'या लोकांची मुले अभ्यासात मागे का पडतात' असे विचारणाऱ्यांनी कारणांच्या यादीत हा धूरही घालावा.

तराजू

समजण्यापुरता एक हिशेब करू. लोखंडाचा भाव किलोला १ धरला आणि तांब्याचा २५. मोटार १० किलोची, तीत ८०० ग्रॅम तांबे, ९ किलो लोखंड, बाकी कचरा. अजाण माणसाकडून ती 'लोखंड' म्हणून घेतली तर त्याला १० मिळतात. 'मोटार' म्हणून विकता आली तर तिचा भाव लोखंडाच्या दुप्पट धरू, म्हणजे २०. तीच फोडून विकली तर तांब्याचे २० आणि लोखंडाचे ९, असे २९. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात फरक पडतो तो ज्ञानाने. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक पडतो तो श्रमाने. बाजारभाव रोज हलतो, मोटारीही सारख्या नसतात. पण हा क्रम बदलत नाही.

मग ज्ञानही आहे आणि श्रमही आहेत, तरी २९ हातात का पडत नाहीत? कारण तिसरी वस्तू हाताशी नाही: भांडवल. तांबे चार दिवस घरात ठेवून भाव चढल्यावर विकावे, तर झोपडीला कुलूप नाही आणि संध्याकाळी चूल पेटायची आहे. बाईने दुकानदाराकडून आजारपणासाठी, लग्नासाठी उचल घेतलेली असते. ज्याची उचल त्यालाच माल, आणि ज्याला माल त्याचाच तराजू. वेचणाऱ्या बाईकडून लहान दुकानदार, त्याच्याकडून मोठा व्यापारी, त्याच्याकडून भट्टीवाला अशी ही साखळी आहे. वरच्या प्रत्येक कडीला भाव आदल्या रात्रीच ठाऊक असतो. खालच्या कडीला तो दुकानदाराच्या तोंडून कळतो.

धातू आणि जात

ही गोष्ट नुसत्या दारिद्र्याची असती तर सर्व जातींचे दरिद्री या कामात सारख्याच प्रमाणात दिसले असते. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबईच्या वस्त्यांत पाहा. कचरा आणि भंगार वेचणाऱ्यांत दलित स्त्रियांचाच भरणा मोठा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून शहरांकडे आलेल्या अनेक कुटुंबांना कारखान्याचे दार उघडले नाही, कारखान्याच्या मागची उकिरड्याची वाट तेवढी मोकळी मिळाली. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते, की जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वरखाली वाटणी करते. तांब्याच्या बाबतीत ही वाटणी आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याला आकार देणाऱ्या त्या कारागिरांच्या नावाने आळी वसली. त्यांच्याही कष्टांना योग्य मोल मिळाले असे नाही. पण त्यांना नाव तरी मिळाले. मोडीतून तांबे मोकळे करणाऱ्यांच्या नावाची आळी कोणत्या शहरात आहे?

धातूशी आपले नाते इतिहासानेच असे ठरवले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. हे जुन्या पोथीतच राहिले असे समजू नये. गुजरातमधील झनू गावी १९३५ मध्ये अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. बाबासाहेबांनी ही घटना नोंदवून ठेवली आहे. ज्यांच्या डोक्यावरची तांब्या-पितळेची घागर समाजाला खुपली, त्यांच्याच हातून आज किलोवारी तांबे समाजाकडे जाते. घागर मना होती. तार काढण्याला मात्र कोणाचीच हरकत नाही.

आणि संशय तर पाचवीलाच पुजलेला. पिशवीत तांबे सापडले की ते चोरीचेच असले पाहिजे, असे मानून हवालदार आधी हिलाच अडवतो. चोरीचा माल घेण्याबद्दलचे दंडसंहितेचे कलम ४११ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ३१७ म्हणून आले. माल चोरीचा आहे हे माहीत असणे, किंवा तसे मानायला कारण असणे, ही त्या गुन्ह्याची अट आहे. पण रस्त्यावर ही अट कोण वाचतो? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्याच्या पोराकडे पाहणारी नजर रद्द झालेली नाही.

कायद्यातील जागा

ई-कचऱ्याचे नियम देशात २०११ मध्ये आले, २०१६ मध्ये बदलले आणि पुन्हा २०२२ मध्ये बदलून १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. धुलाईयंत्र, शीतकपाट यांसारख्या वस्तू त्यांत येतात; वस्तूंचे प्रकार २१ वरून १०६ वर गेले. २०१६ च्या नियमांत वस्तू सुटी करणारा हा निदान एक स्वतंत्र घटक होता. २०२२ च्या नियमांत नोंदणीचे वर्ग चारच: वस्तू बनवणारा, ती बाजारात आणणारा, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा आणि धातू परत मिळवणारा परवानाधारक. छिन्नी-हातोडा घेऊन बसलेल्या बाईला यांत वेगळा रकाना नाही.

तरी याच नियमांत एक तरतूद आहे आणि ती कार्यकर्त्यांनी पाठ करावी अशी आहे. सुटे करण्याच्या आणि पुनर्चक्रणाच्या कामातील कामगारांना ओळख व नोंदणी देणे, त्यांचे गट उभे राहण्यास साहाय्य करणे, त्यांना कौशल्य शिकवणे, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवणे आणि या कामासाठी औद्योगिक जागा वा शेड राखून ठेवणे, ही जबाबदारी राज्य सरकारवर टाकलेली आहे. प्रत्यक्षात काय दिसते? फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील भंगाराची गोदामे आणि पत्र्याच्या शेड मोठ्या प्रमाणावर पाडल्या. बेकायदा बांधकाम आणि प्रदूषण ही कारणे देण्यात आली. प्रदूषण होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शेड पाडल्याने आग विझत नाही. ती पुढच्या नाल्याच्या कडेला पेटते. जागा द्यायची आधी आणि उठवायचे नंतर, हा क्रम या लोकांच्याच बाबतीत नेहमी उलटा का होतो?

संघटनेने काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. १९९३ मध्ये तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र तिच्या सभासदांच्या हाती आले, आणि २००८ पासून वेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ओळखपत्राने भाव वाढत नाही, पण हवालदाराच्या प्रश्नाला उत्तर मिळते. तांब्याच्या कामातही हेच करता येईल. दहा-वीस बायांनी मिळून स्वतःचा तपासलेला काटा घ्यावा. तार न जाळता ओढण्याची सोय करावी. कोणाकडून माल आला त्याची तारीख-वजनाची वही ठेवावी. उचल गटातून द्यावी आणि माल एकत्र करून वरच्या व्यापाऱ्याला विकावा. वही लिहायला वस्तीतला एखादा विद्यार्थी पुरे.

सुधारावे की सोडावे?

येथे आपल्या चळवळीतला जुना आणि प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. आपण हे घाणीचे काम सोडायचे की त्याचा भाव वाढवून मागायचा? मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे किती उत्पन्न बुडेल याचा हिशेब मांडणारे लोक पूर्वी होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचा समाचार घेतला. एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मेलेल्या ढोरांच्या जागी आज मेलेली यंत्रे आली. ओढणारे मात्र तेच राहिले. मग भंगाराच्या धंद्याची भलामण करणे म्हणजे त्या उत्तराशी द्रोह नव्हे काय?

या आक्षेपाचा आदर ठेवून म्हणावेसे वाटते, की ढोरे ओढणे ही वतनाची वेठ होती. ती नाकारणे हाच तिच्यावरचा उपाय होता. तार काढण्याचे काम स्वतः हीन नाही. मिस्त्री तेच करतो आणि मान मिळवतो. हीन आहे ती या कामाची रीत, त्याची मजुरी आणि ते जन्माने ठरण्याची सक्ती. तेव्हा या कामाला भाव आणि सुरक्षितता मागणे ही आजची लढाई, आणि आपल्या मुलामुलींना त्याच्याशी जन्माने जखडू न देणे ही उद्याची. आज काजळी खाणाऱ्या बाईला 'धंदा सोड' एवढाच उपदेश करणारा कार्यकर्ता तिला उपाशी ठेवतो. तिचा भाव दोन रुपयांनी वाढवून तिची मुलगीही त्याच ढिगावर बसलेली पाहून समाधान मानणारा कार्यकर्ता तिला कायमची बांधून टाकतो. दोघांनाही अर्धेच दिसते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद होते आणि विजेच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते. स्वस्त व मुबलक विजेवाचून या देशाचे दारिद्र्य हटणार नाही असे त्यांचे मत होते. त्या विजेवर देशभर मोटारी फिरल्या. आता प्रश्न एवढाच आहे, की आपण त्या मोटारींशी फक्त त्या मेल्यावरच नाते सांगायचे काय? वाइंडिंग सोडवणाऱ्या हाताला तिची रचना ठाऊक असते. ती भरायला शिकणे त्याला अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रिशियनचे, वायरमनचे शिक्षण मिळते आणि तेथे आपल्या मुलींना जागा आहे. शिक्षकांनी तो अर्ज वस्तीत न्यावा, कार्यकर्त्यांनी काटा आणि वही न्यावी. तांब्याचा भाव बाजार ठरवील. ते काढणाऱ्या हातांचा भाव मात्र आपल्यालाच ठरवून घ्यावा लागेल.